पीळ : दोराच्या दुनियेची प्रस्तावना

जुन्या शेतकरी घरात नुसता ‘दोर’ असा मोघम शब्द क्वचितच ऐकू येई. बैलाच्या नाकातली ती वेसण, तोंडावरची म्होरकी, गाडीवानाच्या हातातला कासरा. गोठ्यात गुराच्या गळ्यात दावे आणि ती सगळी दावी जिला अडकवायची ती दावण. जू मानेवर ठेवल्यावर गळ्याखालून बांधायची जुपणी. कडब्याने भरलेली गाडी आवळायला सोल, बाज विणायला सुंभ, पोत्याचे तोंड शिवायला सुतळी, दुधादह्याची मडकी मांजरापासून वाचवायला शिंके. मोटेला दोन दोर लागत : पाण्याचा भार ओढणारा जाड नाडा आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर. काम बदलले की जाडी बदले, जाडीबरोबर तंतू बदले आणि तंतूबरोबर पिळाचा जोरही. कासरा मागायच्या जागी कोणी नुसता दोर मागितला, तर मागणारा शेतीत नवा आहे हे गड्याला तिथेच कळे.

हे पुस्तक या दोरांविषयी आहे, आणि त्यांच्या लांबच्या भावकीविषयीही. शिवणाचा दोरा, कापसाचे सूत, नारळाचा काथ्या, गलबताचे दोरखंड, पुलाला तोलून धरणाऱ्या पोलादी तारा, समुद्राच्या तळाशी पसरलेली केबल, चार्जरची वायर आणि आईच्या पोटात बाळाला जोडणारी नाळ एवढा पसारा यात आला आहे. या वस्तू एकत्र आणण्याला आधार आहे. अंतर ओलांडून काहीतरी पोचवायचे, मग ती ओढ असो, पाणी असो, संदेश असो की रक्त, हे त्या सगळ्यांचे काम. त्यांतल्या बहुतेकींची घडणही एकाच तत्त्वावर झालेली आहे : एकेकटा तुटेल असा तंतू घ्यायचा, त्याला इतरांबरोबर गुंतवायचे आणि सगळ्यांकडून मिळून भार उचलून घ्यायचा.

इतकी जुनी आणि इतकी कामाची वस्तू इतिहासात मात्र कोपऱ्यात राहिली. अग्नी, चाक, नांगर, लोखंड यांचे पाठ शाळेत असतात. दोराचा पाठ आठवत नाही. त्याची मला दोन कारणे दिसतात. दोर कुजतो, त्यामुळे त्याचा पुरावा उरत नाही. आणि दोर वळणारे हात आपल्याकडे गावकुसाबाहेर ठेवलेले होते, त्यामुळे ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी त्या कौशल्याची नोंद घेतली नाही. पहिल्या कारणाला निसर्ग जबाबदार आहे, दुसऱ्याला आपण. पुढची प्रकरणे वाचताना ही दोन्ही कारणे वाचकाने मनात ठेवावीत.

प्रथम पीळ समजून घेऊ. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर. नारळाच्या सोडणातला फार तर वीतभर, थोडा जास्त. अशा तोकड्या तंतूंतून पन्नास हातांचा दोर होतो आणि त्यात डिंक नसतो की गाठ नसते. तंतूंची टोके मागेपुढे ठेवून पीळ दिला की ते एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणाने एकमेकांना धरून ठेवतात. दोर ओढला की हा दाब वाढतो. ओढ वाढेल तशी पकडही वाढते. पण एकाच दिशेने पिळलेला धागा हातातून सोडला तर उलटा फिरून उकलतो. त्यावरची युक्ती अशी : सूत एका दिशेला पिळायचे, अनेक सुते एकत्र करून पेड उलट दिशेला पिळायचे आणि तीन पेड घेऊन दोर पुन्हा पहिल्या दिशेला वळायचा. आता प्रत्येक थर उकलायला बघतो आणि त्याच्या त्या धडपडीनेच शेजारचा थर आवळला जातो. उकलण्याची प्रवृत्ती उकलण्याच्या विरुद्ध कामाला लावणारी ही युक्ती मला तरी चाकाइतकीच मोठी वाटते.

हाताने दोर वळताना हे सगळे डोळ्यांसमोर घडते. अंबाडी किंवा घायपात पाण्यात कुजवून, बडवून, धुऊन त्याचा वाख काढतात. तो विंचरून ढेऱ्यावर सुतळी कातली जाते. मग पेड भरायचे. एका टोकाला एक जण आकडे फिरवतो, दुसऱ्या टोकाला दुसरा ताण धरून उभा राहतो आणि पेड एकमेकांत अवेळी गुंतू नयेत म्हणून मध्ये खाचा पाडलेला लाकडी ठोकळा असतो. पीळ चढेल तसे पेड आखडतात, म्हणून ताण धरणाऱ्याला पावलापावलाने पुढे यावे लागते. ठोकळा सरकत जातो आणि त्याच्या मागे दोर तयार होत जातो. पीळ कमी पडला तर दोर मऊ आणि दुबळा निघतो. जास्त झाला तर त्याला वेटोळी पडतात आणि तो स्वतःच्याच पिळाने झिजतो. किती पुरे, हे वळणाऱ्याच्या बोटांना कळते. त्याला कोष्टक लागत नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण ताठर माणसाला लावतो आणि त्यात निंदा असते. म्हणीमागचे निरीक्षण मात्र अचूक आहे. जळालेला सुंभ न हलवता पाहिला तर राखेतही वळसे जसेच्या तसे दिसतात. द्रव्य गेले तरी रचना काही वेळ टिकते. ज्याने ही म्हण पहिल्यांदा वापरली, त्याने चुलीपाशी किंवा जळालेल्या गोठ्यात हे डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे.

पुराव्याचा प्रश्न कठीण आहे. दगडाची हत्यारे लाखो वर्षे टिकली म्हणून आपण त्या काळाला अश्मयुग म्हणतो. त्या दगडाला दांडा बांधणारी दोरी, शिकार अडकवणारा फास, कंदमुळे आणायची जाळी हे सगळे मातीत मिसळून गेले. २०२० साली एक दुर्मीळ तुकडा प्रकाशात आला. फ्रान्सच्या आग्नेय भागातील आब्री द्यु मारास या खडकाश्रयात दगडाच्या एका छिलक्याला चिकटलेला, सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा दोरीचा अवशेष संशोधकांना सापडला. तो ४१,००० ते ५२,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे निअँडरथल माणसाच्या हातचा. सूचिपर्णी झाडाच्या अंतर्सालीचे तंतू एका दिशेला पिळलेले आणि तसे तीन पेड उलट दिशेला वळलेले. वर सांगितलेली युक्ती, तीच. निअँडरथलला मंदबुद्धी ठरवणाऱ्यांना या सहा मिलिमीटरनी विचारात पाडले. तीन पेडांचा दोर वळायचा तर मोजणी, क्रम आणि दोन विरुद्ध दिशांचे भान एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागते.

महाराष्ट्रातला पुरावा अप्रत्यक्ष आहे, पण बोलका आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून बनवलेले मणी मिळाले. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानतात. मण्याला भोक पाडण्याचे कष्ट कोणी उगाच घेत नाही. भोक आहे म्हणजे त्यातून जाणारा धागा होता. नंतरच्या ताम्रपाषाणयुगात तर धागाच हाती लागतो. नेवासे येथे एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्यातल्या धाग्याचे अवशेष टिकून राहिले, कारण तांब्याच्या क्षारांनी जंतूंना दूर ठेवले. त्या बाळाच्या गळ्यात माळ ओवून घालणाऱ्याचे नाव आपल्याला कधी कळणार नाही. त्याच्या किंवा तिच्या हातचा पीळ मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसला.

दोराने माणसाला बांधणे शिकवले तसे मोजणेही शिकवले. यज्ञवेदीची रचना सांगणाऱ्या शुल्बसूत्रांची सगळी भूमिती दोरीवर उभी आहे. जमिनीत खुंट्या रोवायच्या, दोरीला खुणा करायच्या आणि ती ताणून वर्तुळ, चौरस, काटकोन काढायचे. आयताच्या कर्णावर ताणलेल्या दोरीवरच्या चौरसाचे क्षेत्र हे लांबी आणि रुंदी या दोन बाजूंच्या दोऱ्यांवरच्या चौरसांच्या क्षेत्रांच्या बेरजेएवढे असते, हे बौधायनाने सांगितले. आपण शाळेत ते पायथागोरसच्या नावाने शिकलो. नाईलचा पूर ओसरल्यावर शेतांच्या हद्दी पुन्हा आखणारे इजिप्तचे लोकही दोरी ताणूनच मोजणी करत. अशोकाच्या लेखांत येणारे ‘राजुक’ नावाचे अधिकारी मुळात दोरीने जमीन मोजणारे असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

पण मोजणीच्या दोरीत एक खोट आहे. नैसर्गिक तंतू भिजला की फुगतो, दोर जाड होतो आणि लांबीला आखडतो. पावसात तंबूचे तणावे सैल केले नाहीत तर मेखा उपटतात, ते यामुळेच. सारा ठरवताना हीच गोष्ट भांडणाचे मूळ होते : ओल्या दोरीने मोजले की तेच शेत कागदावर मोठे होते आणि शेतकऱ्याला जास्त भरावे लागते. अकबराच्या काळात तागाची दोरी बाजूला ठेवून लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू वापरायला सुरुवात झाली, त्याचे कारण हेच होते. शिवशाहीत जमीन मोजायला पाच हात पाच मुठींची काठी ठरवली होती. पुढे साखळी आली. ३३ फुटांची ती साखळी लांबी-रुंदीला एकेकदा पडली की एक गुंठा. आता मोजणी यंत्राने होते. दोरी अजून सुटली नाही ती गवंड्याची. भिंत सरळ चढवायला लाइनदोरी आणि उभी रेषा पाहायला ओळंबा, यांच्याशिवाय आजही कुठला वाडा किंवा टॉवर उभा राहत नाही. सुताराची भाषाही तीच : इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत.

समुद्रावर दोरीने वेग मोजला. दोरीच्या टोकाला फळी बांधून ती गलबतामागे टाकायची आणि वाळूचे २८ सेकंदांचे घड्याळ उलटायचे. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ असे. तेवढ्या वेळात हातातून किती गाठी सुटल्या, तितके सागरी मैल ताशी वेग. म्हणून आजही जहाजाचा वेग ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात, आणि चक्रीवादळाच्या इशाऱ्यातला वाऱ्याचा वेगही. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दोराची गोष्ट नारळापासून सुरू होते. सोडणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात सहा ते दहा महिने दाबून ठेवायची, कुजल्यावर बाहेर काढून लाकडी दांड्याने बडवायची, तंतू मोकळे करून उन्हात वाळवायचे आणि वळायचे. या कामात बायकांचे हात जास्त. गुडघाभर पाण्यात, कुबट वासात केलेल्या या श्रमांतून निघालेला काथ्या मात्र दुसऱ्या कुठल्याही वनस्पतीजन्य दोरापेक्षा खाऱ्या पाण्याला जास्त पुरून उरतो आणि पाण्यावर तरंगतो. या गुणामुळेच अरबी समुद्रावर शेकडो वर्षे शिवलेली जहाजे चालली. फळीला फळी लावून भोके पाडायची आणि काथ्याने टाके घालायचे, खिळा नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने या जहाजांचे वर्णन केले आहे. टाक्यांनी जोडलेला सांगाडा लाटेच्या माराला थोडा लवतो, म्हणून वाळूत आदळला तरी सहजासहजी फुटत नाही.

ही विद्या संपल्यासारखीच होती. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील चित्रात दिसणाऱ्या जहाजावरून भारतीय नौदलाने नवे शिवलेले जहाज बांधायचे ठरवले, तेव्हा टाके घालायला केरळमधील पारंपरिक कारागीर आणावे लागले. बांधणी गोव्यात झाली. ‘कौंडिण्य’ हे नाव धारण केलेले ते जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. महाराष्ट्राच्या डोंगरात काढलेले चित्र, गोव्याचा बांधणीतळ, मल्याळी हात आणि नारळाचा काथ्या यांतून जे उभे राहिले, त्याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये : ते कारागीर होते म्हणून हे जमले. दहा-वीस वर्षे उशीर झाला असता, तर चित्र असूनही जहाज झाले नसते.

घाटावर दोर वळण्याचे काम गावगाड्याने मातंग समाजाकडे दिले होते. पेरणीच्या आधी नवे कासरे, बेंदराला किंवा पोळ्याला नव्या वेसणी आणि म्होरक्या, घराला केरसुण्या आणि शिंकी, मोटेला नाडे : हे सगळे त्यांच्या हातून येई आणि मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची ती व्यवस्था तपशिलाने वाचायला मिळते. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर जे काही नवे असे, त्यातले बरेचसे मातंगाच्या हातचे असे. त्या बैलाची पूजा होई आणि वळणारा वेशीबाहेर उभा राही. ज्या दोराने विहिरीचे पाणी वर येई, तो वळणाऱ्याला त्या विहिरीवर पाणी भरण्याची बंदी असे. या विसंगतीची जाणीव त्या समाजाला केव्हाच झाली होती. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. अण्णा भाऊ साठ्यांचा जन्म याच समाजातला, १९२० चा, वाटेगावचा. या दोघांनी माणसाच्या अपमानाबद्दल लिहिले, ते त्या घडीला जास्त निकडीचे होते. पण वळण्याच्या कौशल्याची नोंद बाकीच्यांनी तरी करायला हवी होती. ती आपण केली नाही. व्यवसाय सुटला ते योग्यच झाले. जातीने लादलेले काम सुटावे हेच बरे. कौशल्य मात्र जातीबरोबर पुसून टाकण्याची गरज नव्हती.

दोराचे एक रूप सत्तेचे आहे. वेसण बैलाला घालतात आणि म्हणीत माणसालाही. तोड्याच्या बंदुकीला ठिणगी देणारा तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून सुकवलेली, हळूहळू जळणारी दोरीच होती. पावसाने ती विझली की बंदूक म्हणजे नुसती काठी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे दोर लावून सिंहगडाचा कडा चढले. तानाजी मालुसरे पडल्यावर माघारी वळणाऱ्यांना सूर्याजींनी दोर कापून टाकल्याचे सांगितले, ही कथा मराठी माणसाला पाठ आहे. परतीचे दोर कापणे हा वाक्प्रचार त्या प्रसंगाशिवाय आपल्याला सुचत नाही. आणि सत्तेचा शेवटचा दोर फाशीचा. देशात तो बिहारमधील बक्सरच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांच्या हातून वळला जातो.

त्याच दोराने खेळही दिला. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला शिस्त लावली. आधी वेताचा आणि मग सुती दोराचा मल्लखांब त्याच कुळात आला. दोरीच्या मल्लखांबात कुठेही गाठ मारायची नसते. पायाच्या अंगठ्यात दोरी पकडून अंगाभोवती वळसे घ्यायचे, केवळ घर्षणावर देह तोलायचा आणि वळसा सोडला की मोकळे व्हायचे. तंतूंना जो नियम, तोच इथे सबंध शरीराला. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली. ती टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. येवल्यात संक्रांतीला पतंग उडतात ते आसारीवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या फिरकीवर. दोरीच्या उड्या, भोवऱ्याची जाळी, शेतात माळ्यावर उभे राहून पाखरांना हाकलणारी गोफण यांच्यासाठी वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे थांबतो.

धाग्याचा श्रद्धेशी संबंध सांगायला फार शब्द नकोत. वाचकाच्या मनगटावर किंवा कमरेला त्याचा पुरावा असण्याची शक्यता आहे. करगोटा, जानवे, राखी, हळदीचे कंकण, वटपौर्णिमेला वडाभोवती गुंडाळलेले सूत, अनंत चतुर्दशीचा चौदा गाठींचा दोरा. धातूची साखळी मिळत असतानाही या जागी सूतच लागते. कारण ते जीर्ण होते, तुटते आणि दर वर्षी पुन्हा बांधावे लागते. पुन्हा बांधणे हाच त्या विधीचा गाभा आहे.

देहातल्या दोरांकडे वैद्यकाच्या अंगाने पाहिले पाहिजे. नाळ सुमारे ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते. तिच्यात दोन धमन्या आणि एक शीर, त्यांभोवती मऊ गरासारखा पदार्थ, आणि तिलाही पीळ असतो. पिळामुळे बाळ फिरले, दाब पडला तरी रक्तवाहिन्या सहसा मिटत नाहीत. पूर्वी कापून पुरून टाकल्या जाणाऱ्या या नाळेतले रक्त १९८८ साली पॅरिसमध्ये एका आजारी मुलाला देण्यात आले, ते त्याच्या नवजात बहिणीचे होते. नाळेच्या रक्तातील मूळ पेशींचे ते पहिले रोपण. मज्जारज्जू प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटिमीटरचा असून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याला रज्जू म्हणतात खरे, पण त्यात पीळ नाही आणि तुटला तर तो सांधता येत नाही. स्वरतंतूही खऱ्या अर्थाने तंतू नव्हेत, त्या घशातल्या दोन घड्या आहेत. बोलताना पुरुषाच्या घशात त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रीच्या घशात सुमारे दोनशे वेळा थरथरतात.

गेल्या दोनशे वर्षांत दोराचे द्रव्य बदलले, तत्त्व तेच राहिले. खाणीत तागाचे दोर कुजत आणि साखळीची एक कडी तुटली की सगळेच खाली जाई. जर्मनीतील हार्झच्या खाणीत विल्हेल्म अल्बर्ट यांनी १८३४ साली लोखंडी तारा पिळून दोर केला. एक तार तुटली तरी बाकीच्या भार घेतात आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते, म्हणजे इशारा मिळतो. पुढची लिफ्ट, क्रेन आणि पूल या दोरावर लटकले. ३० जून २००९ रोजी खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू त्याच घराण्यातला. संदेशांचे दोर त्याच्या आधीच समुद्रात उतरले होते : १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत तारायंत्राची केबल टाकली. आज वर्सोव्याच्या किनाऱ्यावर इंटरनेटच्या केबली वाळूखालून जमिनीवर येतात. आपण ज्याला ‘वायरलेस’ म्हणतो ते बोलणे परदेशी जाताना बहुतेक प्रवास समुद्रतळाच्या एका दोरातूनच करते.

मग आले नायलॉन. वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली ते प्रयोगशाळेत बनवले आणि दोराचा कुजण्याशी असलेला जुना संबंध तुटला. कोळ्याचे जाळे हलके झाले, ते रोज वाळवण्याचा जाच संपला. १९५३ साली जर्मनीत गाभा आणि त्यावर विणलेले कवच अशा बांधणीचा दोर निघाला आणि कड्यावरून पडलेला गिर्यारोहक झोळीत झेलल्यासारखा वाचू लागला. आज सह्याद्रीत सुळके चढणारी मुले त्याच जातीच्या दोराला जीव टांगतात. हे फायदे मोठे आहेत आणि ते नाकारून जुन्या दोराचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा होईल. पण न कुजणे हा गुण कामापुरताच गुण असतो. काम संपल्यावर तोच दोष होतो. समुद्रात सुटलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे कासवे आणि मासे पकडत राहते. नायलॉनच्या बारीक दाव्याने गुरांच्या मानेला काचून जखमा होतात, सुती किंवा अंबाडीच्या दाव्याने त्या क्वचित होतात. नायलॉनच्या मांजाने पक्षी मेले, दुचाकीस्वारांचे गळे चिरले. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी त्यावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो. माझे मत सरळ आहे : जिथे जीव टांगायचा तिथे नायलॉन, जिथे जीव बांधायचा तिथे सूत आणि वाख.

या पुस्तकाची मर्यादाही सांगून टाकतो. ते दोराचा विश्वकोश नाही. वस्त्रोद्योग, वैद्यक आणि जहाजबांधणी यांतल्या तज्ज्ञांना त्यांच्या विषयापुरते ते त्रोटक वाटेल. शब्द प्रांताप्रांतांत बदलतात. देशावर जे नाव एका दोराला आहे ते खानदेशात किंवा वऱ्हाडात दुसऱ्याला असू शकते. अशा ठिकाणी वाचकाने आपल्या भागातला शब्दच प्रमाण मानावा. निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक ज्याच्या बोटांना येतो, त्याला या पुस्तकातले एक प्रकरण आधीच येते.

आणि म्हणून वाचकाकडे एक मागणे आहे. मोट चालवलेली, सुंभाने बाज विणलेली, हाताने जाळे ओवलेली, वाख काढून कासरे वळलेली माणसे अजून आपल्या गावात, आळीत, कदाचित घरातच आहेत. ती आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसा. कुठला दोर कशाचा, किती पेडांचा, पाण्यात किती दिवस भिजवला, गाठ कोणती, हे विचारा. मोबाइल आहे, हातांची हालचाल टिपून ठेवा. गाठ शब्दांपेक्षा हातांतून लवकर कळते. ही नोंद जिल्हा ग्रंथालयात, शाळेत, गावच्या वाचनालयात ठेवा. आणि ती लिहिताना दोराच्या नावाबरोबर तो वळणाऱ्या माणसाचे पूर्ण नाव लिहायला विसरू नका.